नेव्हिलचे झाड कोणते?

जमैका बेटावर डोंगरात एक गाव आहे. तिथे मूल जन्माला आले की त्याची नाळ जमिनीत पुरतात आणि वर एक रोप लावतात. ते झाड त्या मुलाचे. आपण नाळेच्या ओढीच्या नुसत्या गप्पा मारतो. तिथे त्या ओढीला आंबे लागतात.

या गावचा नेव्हिल लहानपणीच आईबरोबर इंग्लंडला गेला. तिकडे त्याने जन्मभर बस चालवली आणि मनातल्या मनात एक घर बांधत राहिला. म्हातारपणी ते घर खरोखर बांधायला तो वाडवडिलांच्या जमिनीवर परत आला. तिथे तीन झाडे उभी होती: आंबा, माड आणि नीरफणस. एक नेव्हिलचे, एक त्याच्या पाळण्यातच गेलेल्या बहिणीचे, मर्टलचे, आणि एक कॅनडात स्थायिक झालेल्या चुलतबहिणीचे, क्लोरिसचे.

चुलतभाऊ लेस्टर गवंडी होता. त्याने दोरी धरून जागा मापली.

"एवढं मोठं घर हवं तर दोन झाडं जाणार," तो म्हणाला. "तुझं तेवढं ठेवू."

"माझं कोणतं?"

"नीरफणस. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

सगळ्या गावाला ठाऊक होते खरे, पण प्रत्येकाला वेगळे. दुकानदार बॅरेट शपथेवर म्हणाला, आंबा. शेजारच्या मिस आयव्ही म्हणाल्या, माड. नेव्हिलची नाळ पुरायला खड्डा खणला तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या. (तिकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने मिसच म्हणतात, मग तिला पणतवंडे का असेनात.) नेव्हिल लेस्टरकडे परतला, तर लेस्टरला आता आठवले की मूळचा नीरफणस वादळात पडला होता आणि हा त्याच्या मुळातून फुटलेला. मग हा तोच म्हणायचा की दुसरा? लेस्टरने डोके खाजवले. खरे सांगायचे तर इथे माझेही डोके चालत नाही.

नेव्हिल आंब्याखाली जाऊन बसला. हेच आपले, असे त्याला आतून वाटले. मग माडाखाली बसला. तिथेही तसेच वाटले. नीरफणसाने तरी वेगळे काही सांगावे, तर तेही नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली. ज्याला आपले झाड ओळखता येत नाही, तो गावाला आपले कसे म्हणणार?

इकडे कुऱ्हाडीला धार लागली होती. नेव्हिल पुन्हा मिस आयव्हींकडे गेला.

"मिस आयव्ही, नीट आठवून सांगा. चुकून भलतंच तोडलं तर माझंच जायचं."

"आणि न चुकता तोडलं तर?"

नेव्हिलला प्रश्न कळला नाही.

"तर मर्टलचं जाईल," त्या म्हणाल्या. "तिचं इथे तेवढंच आहे, लेकरा."

साऱ्या गावात नेव्हिल आपले झाड विचारत फिरला होता. मर्टलचे कोणते, हे त्याने एकदाही विचारले नव्हते.

त्याने लेस्टरला दोरी गुंडाळायला सांगितली. घर झाले, पण लहानसे. व्हरांडा आंब्यापाशी वाकला, माडापाशी पुन्हा वाकला, आणि आतल्या खोलीत पलंग ठेवल्यावर दार अर्धेच उघडू लागले. गाव हसले. मनातले घर मनातच राहिले, याचे नेव्हिलला दुःख झाले आणि त्याने ते लपवले नाही.

नाताळात क्लोरिस कॅनडाहून आली. अंगणात उभी राहून ती एका झाडाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली.

"नेव्हिल, यातलं माझं कोणतं?"

"कोणतं ते मला ठाऊक नाही," नेव्हिल म्हणाला. "पण आहे."

तात्पर्य: आपले कोणते हे कळेनासे झाले, तर कशावरही कुऱ्हाड चालवू नये. आणि कळले, तरी दुसऱ्याचे कोणते हे आधी विचारावे.