चारोळीचा लेखनिक

ऐका, फार जुनी गोष्ट नाही. एका जंगलात वाघ होता आणि लोकशाहीही होती. दोघांचं छान जमायचं. दर पाच वर्षांनी निवडणूक होई आणि वाघ बिनविरोध येई, कारण त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला उमेदवार अर्जांच्या छाननीपर्यंत उरत नसे.

या जंगलाच्या विद्यापीठात चारोळी नावाची एक खार बियाणेशास्त्र शिकत होती. शेवटचं वर्ष, शेवटचा एकच पेपर. पदवी मिळाली की सरकारी कोठारात धान्य तपासायची नोकरी तिला मिळणार होती, आणि ती तिला मनापासून हवी होती. कोठार दर वर्षी भरायचं, दर वर्षी रिकामं व्हायचं आणि खाणारं कुणी दिसायचं नाही, याचा तिला फार राग होता. अडचण एवढीच, की सरकारने विरोधकांसाठी लावलेल्या सापळ्यात तिचा उजवा पंजा गेला होता, आणि डावा काही केल्या लिहायला वळत नव्हता. विरोधक तेव्हा उरलेच नव्हते, पण सापळा रिकामा राहणं सरकारला कमीपणाचं वाटे.

तिने लेखनिक आणि तासाभराचा वाढीव वेळ मागितला. कुलसचिव साळिंदरबाईंनी आधी पंजा नसल्याचा दाखला मागितला, मग तो अजूनही नसल्याचा. अखेर अर्ज मंजूर झाला, पण एक अट होती. लेखनिकाला लिहिता यायला हवं, तरी तो उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा. नाहीतर स्वतःचीच उत्तरं घुसडायचा.

चारोळीने जंगल पालथं घातलं. खालच्या वर्गातली पोरं प्रचाराला जुंपलेली होती. बाकी ज्यांना लिहिता येई ते तिच्याएवढे शिकलेले निघत, आणि जे शिकले नव्हते त्यांना लिहिता येत नसे. अटीत चपखल बसणारा एकच प्राणी सापडला, तो म्हणजे शिक्षणमंत्री गवासाहेब. शिक्षण दुसरी, तीही अर्धवट. पण सह्या करायची सवय दांडगी.

निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे साहेब एका पायावर तयार झाले. परीक्षेला ते गळ्यात हार घालूनच आले. चारोळी उत्तरं सांगू लागली, साहेब खुरात लेखणी धरून लिहू लागले. जोडाक्षर आलं की त्यांना घाम फुटे. ‘आर्द्रता’ आली तेव्हा त्यांनी लेखणी खालीच ठेवली.

“ओल म्हणा की, बाई. लोकांना कळेल असं लिहू.”

वाढीव तास साहेबांची बाराखडी पक्की करण्यात गेला. तरी चारोळीने चिकाटी सोडली नाही. एकूण एक उत्तर बरोबर लिहून घेतलं. बाहेर पडताना तिला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

निकाल लागला. पेपराला शंभरपैकी ब्याण्णव गुण होते आणि पुढे नाव गवासाहेबांचं होतं. चारोळी धावतच साळिंदरबाईंकडे गेली.

“हस्ताक्षर ज्याचं, पदवी त्याची,” बाई शांतपणे म्हणाल्या. “नियम आहे.”

“मग मी नापास?”

“छे हो. नापास व्हायलासुद्धा पेपर लिहावा लागतो. तुम्ही गैरहजर.”

चारोळीला रडू कोसळलं. बाईंनी डोळे पुसायला एक पान दिलं आणि पोच म्हणून डाव्या पंजाचा ठसा घेतला.

पदवीदानाच्या समारंभात साहेबांना बियाणेशास्त्राची पदवी मिळाली, आणि एवढा तज्ज्ञ वाया कशाला घालवायचा म्हणून वाघाने कोठारखातंही त्यांच्याच गळ्यात घातलं. साहेब भाषणाला उभे राहिले.

“मित्रांनो, सवलती मागू नका. जिद्द ठेवा. माझ्याकडे बघा. मी लेखनिक घेतला नाही. अख्खा पेपर मी माझ्या खुराने लिहिला.”

सगळ्या जंगलाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. चारोळीही उभी राहिली, पण एका पंजाने टाळी वाजेना.

दुसऱ्याच दिवशी तिला नोटीस आली. जंगलाच्या प्रगतीला टाळ्या न वाजवल्याबद्दल तिच्यावर राजद्रोहाचा खटला का भरू नये, याचा खुलासा तिने तीन दिवसांत करायचा होता, स्वहस्ताक्षरात.