वाक्यात उपयोग

“...पण ‘इन्सिन्युएट’ म्हणजे आडून सुचवणं, एवढंच ना आक्का? आरोप नव्हे ना?”

हेमांगी स्वतः कॉलेजात इंग्रजी शिकवायची. अर्थ तिला पाठ होता. पण या मठात राहायला येण्याआधी आक्काच शाळेत तिच्या इंग्रजीच्या बाई होत्या, आणि आज तिला त्यांच्या तोंडून ‘नव्हे’ ऐकायचं होतं.

आक्का वाती वळत राहिल्या. “वाक्यात उपयोग कर.”

मांडीवरच्या बाळाला थोपटत हेमांगीनं सगळं सांगून टाकलं. पंधरवड्यापूर्वी बाळाचे चांदीचे वाळे दिसेनासे झाले. तिनं सोसायटीच्या ग्रुपवर दोनच ओळी लिहिल्या. वाळे सापडत नाहीत. बाळाला पारूबाई सांभाळतात. बस्स. आठवड्याच्या आत पारूबाईंची बाकीची चारही घरं सुटली. हेमांगीनंही ‘सध्या नको’ असं अगदी गोड शब्दांत कळवलं. आणि आज सकाळी वाळे पाळण्याच्या झोळीत निघाले.

“मी चोर म्हटलं नाही हो त्यांना. आता ‘वाळे सापडले’ एवढं टाकते ग्रुपवर. मिटेल ना?”

आक्कांनी पुढची वात वळायला घेतली.

दुपारी पंगत बसली. चाळीसेक पानं. वरणाचं भांडं फिरत असताना आक्कांनी वाढणारीला सहज विचारलं, “देवाची चांदीची पळी कुठं दिसत नाही गं. आणि ही हेमांगीची पिशवी देवघरापाशी कशी?”

वाढणारीचा हात थांबला.

शेजारच्या आजींनी आपली पर्स हळूच पदराखाली घेतली. समोरच्या काकूंनी पिशवीकडे पाहिलं, मग हेमांगीकडे, मग तिच्या बाळाकडे.

ते बाळाकडे पाहणं तिला सोसवेना. पानातला भात तसाच राहिला.

पंगत उठल्यावर ती आक्कांपुढं जाऊन उभी राहिली.

“तुम्ही... मला चोर म्हणालात?”

“कधी?”

आक्कांनी आपल्या आसनाची कड उचलली. खाली पळी होती.

हेमांगीनं दाराकडे पाहिलं. बाहेर माणसं हात धूत होती, अजून कुणी पांगलं नव्हतं.

“मग सांगा ना त्यांना... पळी सापडली म्हणून.”

आक्कांनी पळी पदरानं पुसली.

“सांगते की. तू परत ठेवलीस म्हणतील.”