जास्त जेवलेलं तळं

“मग तळ्याला झालंय तरी काय, आई?”

केवळरामानं पुन्हा विचारलं. मठातल्या शिष्यांत तो सगळ्यांत हुशार, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

समोर तळं हिरव्या सायीखाली गुदमरत होतं. पहाटे मासे तोंड वर काढून श्वास शोधत, उजाडेपर्यंत काठाला पांढरी पोटं लागत. मासेमारांच्या चुली थंड पडल्या होत्या. केवळरामानं मंत्र म्हटले, तुरटी फिरवली, शेवाळ ओढून काढलं. साय पुन्हा जशीच्या तशी!

मठाच्या गुरू सगुणाआईंनी ओंजळभर पाणी नाकाशी नेलं.

“अजीर्ण.”

“पाण्याला?”

“गोठ्यांतलं शेण, शेतांतलं खत… नाला सगळं आणून याच्याच ताटात वाढतो.”

“मग नालाच बुजवतो!”

“आणि पावसाला काय सांगशील?”

केवळरामानं वर ढगांकडे पाहिलं.

“वाटेत आणखी जेवणारे बसव,” आई म्हणाल्या.

केवळराम कुदळ घेऊन नाल्याच्या तोंडाशी उतरला. उथळ खाचरं खणली, एकाखाली एक. तळाशी खडी आणि वाळू पसरली, त्यात पाणकणीस आणि लव्हाळा लावला. धावत येणारं पाणी आता रेंगाळू लागलं, मुळांमधून वाट काढत झिरपू लागलं.

लोक हसले. “तळं साफ करायला निघाला अन् चिखल करून बसला!”

केवळरामाला ते झोंबलं. पण तो खाचरांपाशी जातच राहिला.

पाऊस गेला, थंडी आली. एका सकाळी काठावरून मासेवाल्या रुखमाची हाक आली, “अरे धावा! तळ दिसून राह्यला!”

केवळराम पळत सुटला. खरंच! पाण्याखालचे गोटे दिसत होते. गोट्यांवरून पिल्लांचा थवा सर्रकन वळला. रुखमा रडता रडता हसत होती. तो अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरला, ओंजळी उडवू लागला. सारा गाव काठावर जमला.

मग तो खाचरांकडे धावला. पाणकणीस पुरुषभर वाढलं होतं, हिरवंकंच.

“यांची पूजा करू!” तो ओरडला. “एका पात्यालाही कुणी हात लावायचा नाही!”

सगुणाआई विळा घेऊन आल्या होत्या. त्यांनी पाणकणीस बुंध्यापासून शेंड्यापर्यंत न्याहाळलं.

खस्स… पहिली ओळ आडवी झाली.

“आई! यांनी तळं वाचवलं, आणि तुम्ही यांनाच…”

“उभी राहिली तर इथंच कुजतील. खाल्लेलं सगळं पुन्हा पाण्यात.” आईंनी पेंढी त्याच्या खांद्यावर टाकली. “लांबच्या शेतात ने. मुळं राहू दे, फुटतील.”

केवळरामानं पेंढी बांधावर ठेवली. मग त्यानंही काठावरच्या एकाकडून विळा मागून घेतला. सपासप कापू लागला. 

“कळलं, आई! कळलं! आणि तुम्ही सांगितलेलं मी कधी विसरत नाही. इतकी वर्षं तुमच्यापाशी बसलो, एक अक्षर बाहेर सांडू दिलं नाही. सगळं इथं साठवलंय!” त्यानं छातीवर हात ठेवला.

सगुणाआईंचा विळा थांबला.

त्यांनी केवळरामाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं… मघाशी पाणकणसाला न्याहाळलं होतं, तसंच.

“म्हणजे भरलास,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी मठातून निघ, लांबच्या गावांना.”