साळुंकीचे तीन निरोप

एका राज्यात राजवाड्याच्या मागल्या पडवीत नवी सून शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती, आणि तिनं ऐकू नये ते तिला ऐकू आलं.

"धाकटीला पाठवा," राणी राजाला सांगत होती. "शेतातली पोर. नाही म्हणायला तिला कुणी शिकवलेलंच नाही."

धाकटी म्हणजे गोजरा. लग्नाला दीड महिना झालेला. वाड्यात सगळे तिला शांत म्हणत. शांत माणसाला किती ऐकू येतं हे कुणाच्या ध्यानात नसे. शेंगा सोलून झाल्यावर ती आपण होऊन राजापुढं जाऊन उभी राहिली. तेवढेच त्यांचे शब्द वाचले.

काम असं होतं. तीन सुगींमागं एक मांत्रिक राजाच्या खळ्यावर आला होता. रास पडली की समोर येईल त्याला ओंजळभर धान्य घालायचं, ही त्या मुलखाची रीत. राजा हसला. "धान्य कसलं मागतोस? सोनं घे." मांत्रिक म्हणाला, "मग तुझ्या राज्यात सोनंच राहो." त्या घटकेला ज्वारीचा दाणान् दाणा सोन्याचा झाला. सोनं शिजेना, सोनं उगवेना. माणसं रानातले कंद उकडून दिवस काढू लागली. थोरले दोन राजपुत्र मांत्रिकाकडं गेले. एकानं बसायला गादी मागितली, दुसऱ्यानं चार नोकर. मांत्रिकानं दोघांना तसंच परत धाडलं.

गोजरा डोंगर चढून गेली.

"तीन कामं, तीन दिवस," मांत्रिक म्हणाला. "माझा एक दिवस म्हणजे खाली एक वर्ष. कबूल?"

गोजराला नवरा आठवला, तो थांबेल. आईची तिला काळजीच नव्हती. आईला तिनं उभ्या जन्मात स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं. बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी खुरपायला गेलेली बाई ती.

"कबूल," गोजरा म्हणाली.

पहिल्या दिवशी मांत्रिकानं सोन्याच्या राशीत मिसळलेले जिवंत दाणे निवडायचे होते. गोजरानं ओंजळ ओंजळ सावलीत धरली. सोनं गार पडे, दाणा पडत नसे. रास निम्मी झाली तेव्हा आईच्या परसातली साळुंकी आली. त्या राज्यात पाखरं बोलत. त्याचं कुणाला नवल नव्हतं.

"आई विचारते, कधी येतेस?"

"एवढं निवडून होऊ दे. आलेच म्हणावं."

दुसऱ्या दिवशी फुटक्या घागरीनं पाणी आणून ते दाणे उगवून आणायचे होते. गोजरानं भोक चिखलानं लिंपलं आणि खेपा सुरू केल्या. साळुंकी घागरीच्या काठावर येऊन बसली.

"आई दारात बसून असते. सवड काढ म्हणते."

बसून असते! गोजराला बरंच वाटलं. जन्मभर राबली, आता कुठं टेकली. "बसू दे तिला. कोंब वर आले की येते."

साळुंकी आणखी काही बोलणार होती. पण गोजरा पुढल्या खेपेला वळली होती.

तिसऱ्या दिवशी लोखंडी चोचीच्या पाखरांच्या थव्यांपासून कणसं राखायची होती. गोजरा पिकातल्या राखणीच्या माळ्यावर चढली. गोफण फिरवून फिरवून खांदा सुजला. ऊन उतरताना साळुंकी आली.

"आई म्हणते, आता घाई नको. पीक राख, मगच ये."

गोजराला हायसं वाटलं. पुढं जन्मभर तिला सलत राहिलं ते हेच हायसं वाटणं.

तिनं कापणी केली, मळणी केली, आणि रास पडताच पहिली ओंजळ न मागता मांत्रिकाच्या झोळीत घातली. शाप तुटला. खाली कोठारांत सोन्याची पुन्हा ज्वारी झाली.

"काम चोख केलंस, पोरी," मांत्रिक म्हणाला. तिच्याकडं मात्र त्यानं पाहिलं नाही.

ती थेट आईच्या घरी गेली. दाराशी आईच्या बसण्यानं जमिनीला खळगा पडला होता. वळचणीला खुरपं गंजलं होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, "पाय गेले होते गं तिचे. बसली ती उठलीच नाही. तुझं काम अर्धं राहू नये म्हणून तिसरा निरोप धाडला, आणि परवा गेली." साळुंकी कुंपणावर होती. ती नुसतीच किलबिलली. निरोप धाडणारं माणूस उरलं नाही की पाखरांची वाचा जाते.

राजवाड्यात चुली पेटल्या होत्या. खळ्यावर आल्या माणसाला ओंजळ घालायची, अशी राजानं दवंडी पिटवली होती. राणीनं गोजराला जवळ घेतलं.

"गुणाची गं माझी सून! कोठारं भरलीत. उद्यापासून बियाणं निवडायला घे. तू काही नाही म्हणायची नाहीस."

गोजरा उंबऱ्यातच खाली बसली. सगळा वाडा पाहत राहिला. नवरा पुढं आला आणि थबकला.

"नाही, सासूबाई," ती म्हणाली. "आज मी बसणार आहे. राबणारी बाई बसलेली दिसली की जवळ येऊन विचारायचं असतं, काय होतंय म्हणून. मी नाही विचारलं. तुम्ही तरी विचारा."