कोणत्या अर्थानं नाइस?

"मास्तर, साहेब मला छान म्हणाला की मूर्ख म्हणाला, ते उद्या तो इथं येण्याआधी सांगा! नाहीतर संस्थानाची हद्द सोडा!"

कोंडपूरचे रुद्राजीराजे गरजले, तसे इंग्रजी शाळेच्या घारपुरे मास्तरांनी हात जोडले.

चूक त्यांचीच होती. गेल्या महिन्यात इंग्रज सरकारचा एजंट, पेल्हॅम साहेब, चहाला आला होता. जाताना राजांचा हात हातात घेऊन म्हणाला, "यू आर अ नाइस मॅन!" राजे हरखले. नाइस म्हणजे छान, हे त्यांना ठाऊक होतं. महिनाभर ते येईल-जाईल त्याला ते ऐकवत होते. आज मास्तरांना ऐकवलं, आणि मास्तरांना विद्वत्ता आवरली नाही.

"गंमत आहे महाराज! सहाशे वर्षांपूर्वी साहेबाच्या देशात नाइस म्हणजे मूर्ख! मग त्याचा अर्थ झाला नखरेल, चोखंदळ. पुढे नाजूक, मग काटेकोर. छान हा अर्थ तर अगदी अलीकडचा!"

राजांचा चेहरा उतरला. "मी बशीत ओतून चहा भुरकला, आणि लगेच साहेब तसं म्हणाला!"

"पण हसून म्हणाला ना, महाराज?" दिवाणजींनी विचारलं.

"मूर्खाकडे बघूनही लोक हसतातच की!"

आता आली पंचाईत. उद्या साहेब पुन्हा येणार होता. मूर्ख म्हणणाऱ्याला सामोरं जायला राजे तयार नव्हते. आणि सामोरे गेले नाहीत तर साहेब संस्थानाचं काय करील याचा नेम नव्हता. "साहेबाला अर्थ विचारायचा नाही," राजांनी बजावलं. "मला शंका आली हेसुद्धा त्याला कळता कामा नये!"

दारात सारजा माळीण हारांची टोपली घेऊन उभी होती. तिची पोर मास्तरांच्या शाळेत होती. मुलींना वर्गात बसवणारा पंचक्रोशीत हा एकच मास्तर.

"महाराज," ती म्हणाली, "उद्या साहेबाला हार मी घालते, दोन शब्दही बोलते. तुम्ही वरच्या सज्जातून नुसतं त्याचं तोंड बघा. पटलं तर खाली या."

"तुला इंग्रजी येतं?"

"एवढंसंसुद्धा नाही! म्हणून तर माझ्यावर कुणी रागावणार नाही."

सकाळी साहेबाची बग्गी दारात थांबली. मडमेसह साहेब उतरला. सारजानं त्याच्या गळ्यात हार घातला आणि रात्रभर मास्तरांकडून घोकलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं,

"साहेब, यू आर अ नाइस मॅन!"

दिवाणजींनी डोळेच मिटले.  साहेबाचे कान लाल झाले, मग गाल, मग नाकाचा शेंडा!

"रागावला!" सज्जात राजे पुटपुटले. "मेली सारजा! मेलो मी!"

तेवढ्यात साहेबानं डोक्यावरची टोपी काढली आणि सारजापुढे कमरेत वाकला. "थँक यू! थँक यू!" मग मडमेकडे वळून काहीतरी भडाभडा बोलला. दिवाणजींनी डोळे उघडले आणि वर बघून ओरडले, "महाराज, साहेब म्हणतो, ऐकलंस? इतक्या वर्षांच्या संसारात तू मला एकदा तरी असं म्हणालीस का?"

राजे एकेका ढांगेत तीन-तीन पायऱ्या उतरत आले. असा पाहुणचार झाला की साहेबानंही चहा बशीत ओतून भुरकला.

साहेबाची पाठ वळताच राजांनी सारजाला बोलावलं. "हे सुचलं कसं तुला?"

"त्यात काय, महाराज! परक्याच्या घरून लाडू आला आणि मनात शंका आली, तर आधी देणाऱ्यालाच एक घास भरवायचा. त्यानं मिटक्या मारत खाल्ला, की आपण बिनघोर खायचा!"

"वा! मास्तर, तुमची शाळा राहिली! आणि सारजा, यू आर नाइस!"

सारजा जागची हलली नाही. मुजरा नाही, काही नाही.

"अगं, खूश नाही झालीस?"

"होईन की. पण महाराज, त्या शब्दाचे अर्थ ढीगभर. तुम्ही कोणत्या अर्थानं म्हणालात, ते अजून कळायचंय."

"मग कळणार कशावरून?"

"बक्षिसावरून!"

राजे असे खदखदून हसले की डोक्यावरची पगडी घरंगळून मांडीवर आली. ती तशीच हातात धरून त्यांनी हुकूम सोडला, "दिवाणजी, नदीकाठची मोगऱ्याची बाग, विहिरीसकट, हिच्या नावे करा!" आणि डोळे पुसत विचारलं, "काय गं, आता कळला अर्थ?"

सारजानं वाकून मुजरा केला.

"कळला, महाराज! अगदी अलीकडचा!"