गाणारा डोंगर आणि नवं मडकं

वाळवंटाच्या कडेला एका गावात केसर नावाची एक कुंभारीण राहत होती. गावामागे उघडाबोडका, खडकाळ डोंगर होता. राजाने तो राखून ठेवला होता. तिथे चराई नाही, लाकूडतोड नाही. पाय मोकळे करायला मात्र कुणीही जावं. रोज दिवस मावळताना त्या डोंगरातून घुमणारा आवाज येई. कुणी म्हणे भूत रडतंय, कुणी म्हणे माथ्यावर गंधर्व गातात. सांगणारे ढीगभर, पाहून आलेला एकही नाही!

केसरला काही चैन पडेना. हात चाकावर आणि डोळे डोंगरावर. एकदा त्या नादात माठाचा गळा इतका लांबला की गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, हा माठ म्हणायचा की सुरई?"

शेवटी तिने बेत आखला. हातातलं काम आटोपलं की निघायचं. तिसऱ्या प्रहरी पूर्वेच्या घळीत सावली उतरते, तेव्हा घळीतूनच चढायचं. दिवस चांदण्याचा निवडायचा, म्हणजे उतरताना उजेड. पाण्यासाठी तिने भट्टीतून नुकतंच निघालेलं, सगळ्यांत देखणं मडकं घेतलं. निदान पाणी तरी गार मिळेल!

पायथ्याशी राखणदार भिवबा बसला होता. तो म्हणाला, "केसरबाई, इथला नियम एकच. अर्धं पाणी चढायला, अर्धं उतरायला. अर्धं संपलं की जिथं असाल तिथून माघारी. मागच्या उन्हाळ्यात एक वाटसरू 'एवढं एकच वळण' म्हणत गेला. चौघांच्या खांद्यावरून खाली आणला त्याला."

केसर झपझप चढली. माथा हाकेच्या अंतरावर आला. तिने पाठीवरचं मडकं उतरवून आत पाहिलं, तर पाणी अर्ध्यावर! ती तर चार घोटच प्यायली होती. मग ओल्या पाठीकडे लक्ष गेलं. नवं मडकं पाझरतं, म्हणून तर पाणी गार राहतं. गिऱ्हाइकांना रोज सांगायची गोष्ट ती स्वतःच विसरली होती.

तिला रडू कोसळलं. माथा समोर होता. आवाजाची वेळ होत आली होती. 'थोडंच तर राहिलंय, कोण बघतंय?' मन म्हणालं. पण ते चौघांचे खांदे आठवले आणि ती मुकाट्याने मागे फिरली.

अर्ध्या वाटेत एका खोल कपारीपाशी ती मडकं मांडीवर घेऊन टेकली. दिवस मावळला, वारा सुटला आणि तो आवाज घुमू लागला, अगदी कानाशी! त्यात आणखी एक बारीक सूर होता. केसर दचकली. सूर तिच्याच मांडीवरून येत होता. तिने मडक्याच्या तोंडावर हात ठेवला, सूर थांबला. हात काढला, पुन्हा सुरू झाला. तिने कपारीच्या काळ्याभोर तोंडाकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. मडक्याच्या तोंडावरून वारा जात होता, तसाच कपारीच्या तोंडावरूनही जात होता.

चांदण्यात ती खाली पोचली. भिवबाने विचारलं, "माथा गाठलात?"

"नाही. पण गाणारा भेटला," केसर म्हणाली आणि मडकं पुढे केलं. "आधी पाणी प्या भिवबा, गार आहे. मग सगळं सांगते."

तात्पर्य: कुतूहल जरूर असावं, पण परतीचं पाणी राखून निघावं; सापडलेलं उत्तर सांगायला घरी यावं लागतं.