कोळशाची रेघ

पूर्णा नदीकाठच्या बोरखेडीत आत्मगिरी महाराज चातुर्मासासाठी धर्मशाळेत उतरले होते. तिथे पाणी भरण्याची सेवा कोंडाजी कुंभार आणि त्याची बायको तानूबाई यांनी आपणहून पत्करली होती.

कोंडाजी सत्तरीच्या पुढचा. माती तुडवताना त्याच्या टाचेत खापरीची कपची रुतली. दुसऱ्याच दिवशी पाऊल लाल होऊन सुजले. तानूबाई सदाशिव वैद्यांकडे गेली. वैद्य हातगुणाचे, पण अहंकारी. ओसरीवरूनच म्हणाले, "म्हातारपणी पाय सुजायचाच. महाराजांचं पाणी भरता ना? मग औषधही त्यांच्याकडेच मागा." बसलेली मंडळी हसली. तानूबाई तशीच परतली.

लाली पोटरीवर चढली. कातडी तापून तुकतुकीत झाली. चौथ्या दिवशी सकाळी कोंडाजीला हुडहुडी भरली, धाप लागली, आणि तो तानूबाईलाच विचारू लागला, "तू कोणाची गं?" ती अनवाणी धर्मशाळेकडे धावली.

"महाराज, धनी मला वळखंना."

महाराज तसेच उठले. कुंभाराच्या घरी येऊन त्यांनी चुलीतला विझला कोळसा घेतला आणि गुडघ्याखाली, लालीच्या कडेपासून दोन बोटे वर रेघ ओढली. मग वैद्यांना बोलावणे धाडले.

पाय पाहताच वैद्यांचा चेहरा उतरला. विष रक्तात भिनले होते. दुपार निघणे कठीण, असे ते हळूच बोलले.

"तुम्ही तुमचं काम करा," महाराज म्हणाले, "वेळेचं मी पाहतो." आणि ते धर्मशाळेत परतले.

वैद्यांनी टाच चिरली. पुवाबरोबर कपची बाहेर आली. जखम धुऊन त्यांनी लेप बांधला. तानूबाईची नजर रेघेवरून हलेना. लाली रेघेला भिडली. पण लाली तिथेच थबकली, आणि उन्हे कलता कलता खाली उतरू लागली! तिन्हीसांजेला कोंडाजी पुटपुटला, "तानू, पाणी दे."

वैद्य चक्रावून धर्मशाळेत गेले. महाराज भिंतीला टेकून थरथरत होते. त्यांचा पाय मांडीपर्यंत लालभडक झाला होता.

"महाराज, हे काय?"

"ते विष कुठंतरी जायलाच हवं होतं," महाराज शांतपणे म्हणाले.

वैद्यांचे डोळे भरून आले. तानूबाई दारात आली होती त्या दिवशीच आपण उठलो असतो तर, एवढेच ते कसेबसे बोलले.

"यापुढं उठा," महाराज म्हणाले.

कधी कुणापुढे न वाकलेल्या वैद्यांनी त्या तापलेल्या पावलांवर मस्तक ठेवले.